पट्टा, पेन आणि पटवारी : हायमेनडॉर्फ यांच्या आदिलाबादचे पुनर्वाचन

क्रिस्तोफ फॉन फ्यूरर-हायमेनडॉर्फ यांचे 'ट्राइब्ज ऑफ इंडिया : द स्ट्रगल फॉर सर्व्हायव्हल' हे पुस्तक १९८२ साली प्रसिद्ध झाले. मानववंशशास्त्राचे अभ्यासक ते वाचतात, आदिवासींच्या जमिनींविषयी लिहिणारे त्याचा आधार घेतात. सामान्य वाचक सहसा त्याच्या वाटेला जात नाही. आमचे म्हणणे असे, की जुन्या हैदराबाद संस्थानात पिढ्यान्‌पिढ्या नांदलेल्या मराठी माणसाने तरी हे पुस्तक गोंडांविषयीचे म्हणून वाचण्याआधी स्वतःविषयीचे म्हणून वाचावे. त्यातील आदिलाबादच्या कथनात जमीन ज्यांच्या हातून जाते ते गोंड आणि कोलाम आहेत. ती ज्यांच्या हाती जाते त्यांच्यात मराठी बोलणारा पटवारी, सावकार, दुकानदार आणि कुणबी आहे. आणि गेलेल्या जमिनीचा कागद वाचता यावा म्हणून गोंड मुलगा जी पहिली अक्षरे गिरवतो, ती देवनागरी आहेत. दोन्ही अंगांनी आपण या कथेत आहोत, आणि तिची मराठी चर्चा मात्र फारशी झालेली नाही.

पुनर्वाचनाला निमित्तही ताजे आहे. मे २०२५ मध्ये तेलंगण सरकारने कवल आणि ताडोबा या दोन व्याघ्रप्रकल्पांना जोडणारे जंगल संवर्धन राखीव क्षेत्र म्हणून जाहीर केले. त्या जंगलातल्या व भोवतालच्या आदिवासींनी विरोध केला आणि जुलैमध्ये सरकारला तो आदेश स्थगित ठेवावा लागला. या क्षेत्राला नाव दिले होते कुमरम भीम यांचे. जंगलखात्याने आखलेल्या हद्दीविरुद्ध लढताना जो माणूस मारला गेला, त्याच्याच नावाने नवी हद्द आखावी, ही कल्पना एखाद्या उपहासकाराला सुचती तर आपण ती अतिशयोक्त म्हणून बाजूला ठेवली असती.

भीम हा आसिफाबादच्या डोंगरातला गोंड. राखीव जंगलाच्या हद्दी आखताना कित्येक वस्त्या हद्दीच्या आत सापडल्या होत्या. त्यांना उठवले जाऊ लागले, आणि जोडेघाट-बाबेझरीच्या परिसरातील गोंड व कोलाम त्याच्याभोवती एकवटले. १९४० साली पोलिसांच्या गोळीबारात तो आणि त्याचे काही साथीदार ठार झाले. 'जल, जंगल, जमीन' ही आज देशभर ऐकू येणारी घोषणा त्याची म्हणून सांगितली जाते. तारखेविषयी मतभेद आहेत. लोक मात्र आश्विन पौर्णिमा पाळतात. आपल्या घरी कोजागरीचे दूध आटत असते, त्याच पौर्णिमेला जोडेघाटला त्याची पुण्यतिथी होते. २०२२ च्या 'आर आर आर' या चित्रपटामुळे त्याचे नाव जगभर गेले. पण तिथला भीम आणि हा भीम यांच्यात नावाखेरीज फारसे साम्य नाही. त्या भव्य पडद्यावर जमिनीचा पट्टा नावाची गोष्ट कुठेच नाही. अल्लम राजय्या आणि साहू यांच्या तेलुगू कादंबरीने मात्र तेलुगू वाचकाच्या मनात भीमाला ठाम जागा मिळवून दिली. मराठीत त्या तोडीचे काही आमच्या पाहण्यात नाही, आणि जोडेघाटपासून महाराष्ट्राची सीमा तर हाकेच्या अंतरावर.

दुसरे महायुद्ध सुरू झाले तेव्हा हायमेनडॉर्फ हैदराबादेत होते. जन्म व्हिएन्नाचा, पारपत्र जर्मन. त्यामुळे ते शत्रुराष्ट्राचे नागरिक ठरले आणि त्यांच्या वावराला संस्थानाची सीमा पडली. या सक्तीच्या मुक्कामातूनच चेंचू, कोंडरेड्डी आणि राजगोंड यांच्यावरचे तीन ग्रंथ झाले. भीमाच्या मृत्यूनंतर सरकारला प्रश्न पडला, की एरवी शांत असणारे हे लोक असे का उठले. त्याचे उत्तर शोधण्याचे काम या परदेशी विद्वानाकडे आले. पुढे महसूल खात्याची सूत्रे सांभाळणारे डब्ल्यू. व्ही. ग्रिगसन हे स्वतः बस्तरच्या माडिया गोंडांवर ग्रंथ लिहिलेले अधिकारी. त्यांचा पाठिंबा मिळाला आणि हायमेनडॉर्फ निजाम सरकारचे आदिवासीविषयक सल्लागार झाले.

येथे आमचा पहिला आक्षेप नोंदवतो. हायमेनडॉर्फ यांनी आदिलाबादच्या गोंडांवर त्या काळात जे लिहिले ते दोन वेगवेगळ्या ग्रंथांत विभागले गेले. 'ट्रायबल हैदराबाद' हा १९४५ चा सरकारी अहवालांचा संग्रह. त्यात जमीन, जंगल, कर्ज. 'द राजगोंड्ज ऑफ आदिलाबाद' हा १९४८ चा जाडजूड ग्रंथ; त्यात मिथके आणि विधी. पाहंदी कुपार लिंगल, गुहेत कोंडलेले गोंड देव, जंगुबाई, चार-पाच-सहा-सात देवांच्या शाखा हे सारे परधानांच्या तोंडून ऐकून, किंगरीच्या साथीने गायले गेले तसे विस्ताराने टिपलेले. या ग्रंथाला पहिला खंड म्हटले होते. दुसरा खंड कधी आला नाही. देव एका पुस्तकात आणि शेत दुसऱ्या पुस्तकात, अशी ही वाटणी झाली. विद्वानांनी पहिले वाचले, अधिकाऱ्यांनी दुसरे.

ही वाटणी गोंडांच्या जगात नाही. गोंडीत 'पेन' म्हणजे देव. प्रत्येक कुळाचे मोठे पेन, त्याचे ठाणे, त्याचा पुजारी, त्याच्या पूजेला जमणारी माणसे. ते ठाणे विशिष्ट गावाच्या शिवारात असते. ते उचलून दुसऱ्या जिल्ह्यात नेता येत नाही. केसलापूरच्या नागोबाला मेसराम कुळाचे लोक पौष अमावास्येला जमतात ते त्याच जागी. तेव्हा शेत गेले म्हणजे केवळ पोट गेले असे होत नाही. कुळाने एकत्र यायची जागाही परक्याच्या मेहेरबानीवर राहते. हायमेनडॉर्फ यांना हे ठाऊक नव्हते असे म्हणणे धाडसाचे होईल. पण त्यांच्या ग्रंथांची रचना ते झाकते. १९८२ च्या पुस्तकात जमीन, जंगल, शिक्षण, बदलता समाज हे सारे एका बांधणीत येते, तेव्हा कुठे ही तुटलेली कथा जुळू लागते. म्हणून त्यांच्या गोंडविषयक लेखनात आम्ही याच पुस्तकाला अग्रस्थान देतो, 'राजगोंड्ज'ची विद्वत्ता मान्य करूनही.

या पुस्तकाचे बळ त्याच्या दुहेरी दृष्टीत आहे. जी गावे लेखकाने चाळीसच्या दशकात पाहिली, तीच त्याने १९७६ ते १९८० या काळात पुन्हा पाहिली. त्या वेळी ज्यांच्या नावे पट्टे झाले त्यांचे पुढे काय झाले, हे तो कुटुंबागणिक शोधतो. गद्य कोरडे आहे. हळहळ क्वचित, विशेषणे त्याहून क्वचित. पण एका गावात अमुक इतके गोंड खातेदार होते आणि आता इतके उरले, हे वाक्य तो चाळिसाव्यांदा लिहितो तेव्हा त्या कोरडेपणाचाच धाक वाटू लागतो. मराठीत आदिवासी जीवनावर लिहिताना आपल्या ललित लेखकांना मोहाच्या फुलांचा वास आणि ढोलांचा नाद फार लवकर आठवतो; या गद्याशेजारी ते लेखन ठेवून पाहावे.

जमीन कशी जाते याचे वर्णन हा पुस्तकाचा गाभा. डोंगरउतारावरची हलकी जमीन काही वर्षे कसायची, मग ती विसावायला टाकून शेजारच्या तुकड्याकडे वळायचे, आणि पुन्हा काही वर्षांनी मूळ जागी यायचे अशी गोंडांची रीत होती. विसावणारी जमीन बिनमालकीची नसते, हे त्या रीतीत गृहीतच. मोजणीची साखळी आली ती मात्र त्या एका दिवसापुरते पाहणारी. त्या दिवशी नांगराखाली असेल ते शेत. उरलेले सरकारी पडीक किंवा जंगल. ज्यांच्याकडे नांगरही नव्हता, कुदळीने पोडू करून जे जगत, त्या कोलामांचे तर काहीच उरले नाही, कारण त्यांचे सगळे शेतच साखळीच्या हिशेबी जंगल. शिवाय बरेच गोंड 'सिवाय जमाबंदी' जमीन कसत. म्हणजे दरवर्षी सरकारी देणे भरायचे, पण नावावर पट्टा नाही. वर्षानुवर्षे भरलेला सारा हाच हक्क, असे त्यांना वाटे. एक दिवस बाहेरचा कोणी पट्टा घेऊन बांधावर उभा राही, आणि तो पट्टा खराच असे. यात कुणी दांडगाई केलीच पाहिजे असे नव्हते. अर्ज कुठे करायचा, कुणाला भेटायचे, कोणत्या रकान्यात काय लिहायचे, एवढे ठाऊक असणे पुरेसे होते.

ते कुणाला ठाऊक होते? दरबाराची भाषा उर्दू. पण आदिलाबादच्या पश्चिम आणि उत्तर भागांत गावपातळीवरची, बाजाराची, उधारीची भाषा मराठी. गोंड बाहेरच्यांशी बोले तो बहुतेक मराठीत. काळ्या मातीचा कापूस, काझीपेठ-बल्लारशा लोहमार्ग, नव्या सडका यांच्यामागोमाग माणसे आली, त्यांत वऱ्हाड-मराठवाड्याकडचे शेतकरी होते, हटकर होते, महार होते, बंजारे होते. आणि दप्तर सांभाळणारे होते. हे लिहिताना आम्हांस कुण्या घराण्याकडे बोट दाखवायचे नाही. पण आपल्या संमेलनांतून, स्मरणिकांतून आपण आपली जी कथा सांगतो, तिच्याशी ही कथा ताडून पाहायला हवी. उर्दूच्या राज्यात मराठी शाळा आणि मराठी ग्रंथालये टिकवण्यासाठी आपल्या आजोबा-पणजोबांनी खस्ता खाल्ल्या, ही आपली कथा खरी आहे. त्याच वर्षांत, त्याच राज्याच्या एका कोपऱ्यात, मराठी ही वरच्याची भाषा होती, हेही खरे आहे. हैदराबादच्या कचेरीत जी भाषा दबलेली होती तीच उटनूरच्या चावडीत दाबणारी होती. आपल्या आठवणींच्या वाङ्मयात पहिली गोष्ट भरभरून आहे. दुसरीचा उल्लेख सापडेल तर तो 'वडिलांची आदिलाबादेला बदली झाली, तिथे वाघ फार' एवढाच.

हायमेनडॉर्फ यांच्यावरचा दुसरा आक्षेप इथेच मांडायला हवा, नाहीतर आम्ही त्यांची पाठराखण करतो असे होईल. बाहेरून आलेल्या सर्वांना ते एका लोंढ्यात धरतात. पट्टे गिळणारा सावकार आणि दुष्काळाने किंवा गावच्या पाटलाच्या जाचाने बाहेर पडलेला भूमिहीन महार यांच्यातला फरक त्यांच्या कथनात पुसट होतो. गोंडाच्या दृष्टीने दोघेही परके, हे मान्य. पण लेखकाची दृष्टी गोंडाच्या दृष्टीपेक्षा एक पाऊल मागे जाऊन पाहणारी असावी, अशी अपेक्षा गैर नाही. बंजाऱ्यांबाबत तर हा प्रश्न अजून जळता आहे. १९७६ साली आंध्र प्रदेशात त्यांना सर्वत्र अनुसूचित जमातीचा दर्जा मिळाला, सीमेपलीकडे महाराष्ट्रात तो नाही. साहजिकच सीमा ओलांडण्याला एक नवे कारण मिळाले. हायमेनडॉर्फ यांनी हा धोका वेळीच सांगितला होता, आणि २०१७ साली आदिलाबादेत गोंड आणि लंबाडा यांच्यात जो संघर्ष पेटला त्याने त्यांचे भाकीत खरे केले. तरीही त्यांच्या पानांत बंजारा कधी बोलत नाही.

आता पुस्तकातल्या आणि पुस्तकाबाहेरच्या एका प्रकाशाकडे वळू. १९४३ मध्ये मारलवाई या गावी गोंड शिक्षकांसाठी प्रशिक्षण केंद्र निघाले. हायमेनडॉर्फ आणि त्यांच्या पत्नी बेटी यांचा मुक्काम याच गावी असे. शिकवायला कोण मिळणार? थोडेफार मराठी लिहू-वाचू शकणारे मोजके गोंड शोधून काढले, आणि त्यांच्यापासून सुरुवात झाली. वाचनमाला तयार झाल्या त्या गोंडी भाषेत आणि देवनागरी लिपीत. या शाळांकडून अपेक्षा साधी होती : गावात एक तरी आपला माणूस असा हवा की ज्याला पावती, नोटीस आणि पट्टा वाचता येईल. आदिवासींसाठी जमिनीचे पट्टे देण्याची मोहीम याच सुमारास निघाली आणि आदिलाबाद जिल्ह्यात लाखाहून अधिक एकर जमीन आदिवासी खातेदारांच्या नावे झाली. पट्टा आणि पाटी बरोबरीने चालल्या. भारतात आदिवासी शिक्षणाचे जे प्रयोग झाले त्यांत या प्रयोगाइतका जमिनीवर उभा असलेला प्रयोग आम्हांस दुसरा दिसत नाही.

या कामातल्या अधिकाऱ्यांत एक नाव असे आहे की ते ऐकल्यावर आपले बहुतेक वाचक चमकतील : सेतु माधवराव पगडी. मराठी वाचकाला पगडी माहीत आहेत ते शिवकालाचे आणि मोगल-मराठे संघर्षाचे इतिहासकार म्हणून, फारसी साधनांचे जाणकार म्हणून, 'जीवनसेतू' या आत्मचरित्राचे लेखक म्हणून. निलंग्यात जन्मलेला हा माणूस निजामाच्या मुलकी सेवेत आदिलाबादच्या आदिवासींच्या कामावर होता, तो गोंडी शिकला, 'अमंग द गोंड्ज ऑफ आदिलाबाद' हे पुस्तक त्याने लिहिले, आणि पुढे कोलामी व गोंडी या दोन्ही भाषांची व्याकरणे सिद्ध केली. कोलामीचे १९५० साली, गोंडीचे १९५४ साली. तिन्ही पुस्तके इंग्रजीत. मराठी वाङ्मयाच्या इतिहासांत त्यांचा निर्देश आला तरी यादीपुरता येतो.

हे पगडींचे बारीकसे उपकार्य होते, असे आम्हांस वाटत नाही. महसुली अधिकाऱ्याला कारभारासाठी दुभाषा पुरतो. व्याकरण लिहायला तो पुरत नाही. त्यासाठी समोरचा माणूस 'मी', 'आम्ही' आणि 'आपण' कसे म्हणतो, हे कान देऊन ऐकावे लागते. गावच्या दप्तराने गोंडाला मराठीत उतरवून त्याची जमीन नेली. पगडींनी उलट दिशेने प्रवास केला; मराठी माणसाने गोंडीत उतरायचे ठरवले. कोलामांची संख्या तर थोडी, राजकीय वजन नगण्य. त्यांच्या भाषेचे व्याकरण लिहून कोणत्याही अधिकाऱ्याची बढती झाली नसती. शिवचरित्रकार पगडींचा गौरव करताना हे पगडी वगळले, तर त्या गौरवातला मोठा भाग गळतो. फारसी अखबारांतून मराठ्यांचा इतिहास बाहेर काढणे म्हणजे परक्याच्या कागदांतून आपल्या माणसांचा आवाज ऐकणे. तोच कान त्यांनी आदिलाबादेत परक्यांच्या आवाजासाठी वापरला होता, आणि तोही आधी.

तथापि, पगडी आणि हायमेनडॉर्फ या दोघांनाही लागू होणारी एक मर्यादा आहे. 'ट्राइब्ज ऑफ इंडिया'त नायक एकच, आणि तो म्हणजे सहृदय अधिकारी. तो येतो तेव्हा पट्टे मिळतात, शाळा निघतात. त्याची बदली होते तेव्हा सारे ढासळते. त्या अधिकाऱ्याला पाठवले कुणी, हा प्रश्न लेखक फार ताणत नाही. जे कागदी अर्जांनी झाले नाही ते जोडेघाटच्या गोळीबाराने झाले, हे त्यांच्याच हकिकतीवरून उघड आहे. तरी भीमाला पुस्तकात मिळालेली जागा मोजकीच. निजामाच्या राजवटीविषयी ते सौम्य आहेत. १९४६ पासून तेलंगणाच्या खेड्यांत जे पेटले आणि १९४८ साली जे कोसळले, त्याचा धग त्यांच्या आदिलाबादला लागत नाही. आणि परधानांच्या मिथकांना ज्यांनी शेकडो पाने दिली, त्यांनी जमीन गमावलेल्या गोंडाचे गाऱ्हाणे मात्र स्वतःच्या शब्दांत संक्षेपाने दिले आहे. देवांविषयी गोंड बोलतो. जमिनीविषयी त्याच्या वतीने साहेब बोलतो.

या सौजन्याचा जो एक अवशेष आजही जिवंत आहे, तो म्हणजे केसलापूरच्या जत्रेत भरणारा दरबार. चाळीसच्या दशकात हायमेनडॉर्फ यांच्या पुढाकाराने तो सुरू झाला. जिल्ह्याचे अधिकारी येतात, गाऱ्हाणी ऐकतात. चांगली प्रथा आहे. पण तिचे नावच 'दरबार' आहे, हे विसरू नये.

कायद्यांचा भाग आम्ही थोडक्यात आटोपतो, कारण त्याचा तपशील पुस्तकात भरपूर आहे. संस्थानाच्या अखेरच्या काळात आदिवासी क्षेत्रासाठी विशेष नियम झाले. १९५९ चा आंध्रचा जमीन हस्तांतरण विनियम १९६३ मध्ये तेलंगणाला लागू झाला. १९७० च्या दुरुस्तीने तर अनुसूचित क्षेत्रात बिगरआदिवासीच्या हाती असलेली जमीन मुळात आदिवासीची होती असे गृहीत धरून उलट सिद्ध करण्याचे ओझे त्याच्यावर टाकले. कागदावर याहून कडक काही असू शकत नाही. प्रत्यक्षात १९७६ नंतर लेखकाला दिसले ते असे, की त्याच्या देखत वाटलेली जमीन बरीचशी पुन्हा निसटली आहे. सडका झाल्या, हिवताप हटला, म्हणजे ज्या गोष्टींनी डोंगर गोंडांसाठी राहण्याजोगा व्हायचा, त्यांनीच तो इतरांसाठीही राहण्याजोगा केला. आणि जंगलखाते शेतकऱ्याची कुऱ्हाड मोजत असताना बांबूचे ठेके कागद गिरण्यांना जात होते. निजामाच्या काळात उभी राहिलेली सिरपूरची कागद गिरणी ज्या गावाला 'कागजनगर' हे नाव देऊन गेली, तिथला कागद आपल्या छापखान्यांनीही वापरलेला असणार.

किनवटची गोष्ट आपल्याला अधिक जवळची. १९५६ पर्यंत किनवट आदिलाबाद जिल्ह्यात होते. भाषावार रचनेत ते मराठीकडे आले. आपण त्या घटनेकडे मराठी मुलूख मराठी राज्याला मिळाला म्हणून पाहतो. किनवटच्या गोंडाची भाषा कोणत्याच बाजूला मोजली गेली नाही. दोन राज्यांत विभागला गेला तो त्याचा मुलूख. आदिवासींच्या गेलेल्या जमिनी परत देण्याचा महाराष्ट्राचा कायदा व्हायला १९७४ साल उजाडले. इकडे आदिलाबादेत शाळांची भाषा तेलुगू झाली, आणि मारलवाईत तयार झालेले गोंडी-मराठी जाणणारे शिक्षक नव्या व्यवस्थेत अडगळीत गेले. भाषावार राज्यांचा आग्रह धरणाऱ्या आपल्या पिढ्यांना 'मातृभाषेतून शिक्षण' हे तत्त्व प्रिय होते. ते गोंड मुलालाही लागू पडते, असे म्हणणारा त्या वेळी क्वचितच कोणी निघाला असेल. केरामेरी-जिवतीच्या दरम्यानची काही गावे आजवर दोन्ही राज्यांच्या दाव्यात आहेत. तिथल्या लोकांकडे दोन-दोन मतदार ओळखपत्रे असल्याच्या बातम्या आपण निवडणुकीच्या वेळी गमतीने वाचतो.

पुस्तक छापून येण्याच्या आदल्या वर्षी, २० एप्रिल १९८१ रोजी, इंद्रवेल्ली येथे जमिनीच्या प्रश्नावर सभेसाठी जमलेल्या गोंडांवर पोलिसांनी गोळीबार केला. सरकारी आकडा तेरा मृतांचा. लोक त्याहून कितीतरी मोठा सांगतात. मारलवाईपासून इंद्रवेल्ली दूर नाही. २००६ च्या वनहक्क कायद्यानंतर चित्र काहीसे बदलले. जून २०२३ मध्ये आसिफाबादेतून सुरुवात करून तेलंगण सरकारने सुमारे चार लाख एकर पोडू जमिनीचे पट्टे वाटले. दोनच वर्षांत संवर्धन क्षेत्राचा आदेश निघाला आणि मागे घ्यायची वेळ आली, हे वर सांगितलेच आहे. वाघ वाचावा असे आम्हांसही वाटते. पण दोन व्याघ्रप्रकल्पांमधल्या नकाशात ज्यांची शेते आहेत, त्यांच्या ग्रामसभांना विश्वासात न घेता आखलेली रेघ, मोजणीच्या जुन्या साखळीहून वेगळी कशी, ते कुणी सांगावे.

हायमेनडॉर्फ यांच्या एका गृहीतकाला अलीकडे मोठा धक्का बसला आहे. गोंडीला स्वतःची लिपी नाही, म्हणून देवनागरी, असा मारलवाईचा हिशेब होता. पुढे आदिलाबाद जिल्ह्यातल्याच गुंजाळा या गावी गोंडीची जुनी हस्तलिखिते उजेडात आली, तीही तिच्या स्वतंत्र लिपीत. प्रा. जयधीर तिरुमल राव यांच्या प्रयत्नांनी ती अभ्यासकांसमोर आली आणि २०१८ साली या लिपीला संगणकीय लिपिसंचातही स्थान मिळाले. म्हणजे ज्या काळात देवनागरी वाचनमाला छापल्या जात होत्या, त्या काळात त्याच जिल्ह्यात गोंडीची पोथी फडताळात होती, आणि गोंडांवर अधिकारवाणीने लिहिणाऱ्या कुणालाही तिचा पत्ता नव्हता. यात देवनागरीचा दोष नाही, त्या वाचनमालांचे मोलही कमी होत नाही. पण आपण लिपी 'दिली' ही भाषा आता बंद करावी.

देण्याघेण्याचा हिशेब मराठीत तरी उलटू लागला आहेच. 'जेव्हा माणूस जागा होतो' हे गोदावरी परुळेकरांचे वारली उठावावरचे पुस्तक १९७२ च्या साहित्य अकादमी पुरस्काराने गौरवले गेले. ते थोर पुस्तक आहे, परंतु तेही बाहेरून गेलेल्याचे. त्यानंतर वाहरू सोनवणे आले, भुजंग मेश्राम आले. मेश्रामांचा यवतमाळ जिल्हा आदिलाबादला खेटून आहे. पैनगंगा ओलांडली की तेच गोंड, तेच कोलाम. मराठीला त्यांनी दप्तराच्या रकान्यातून बाहेर ओढले आणि तिच्यात गोंडी शब्द आपल्या हक्काने आणून बसवले. पगडी ज्या वाटेने पलीकडे गेले होते, त्याच वाटेने हे अलीकडे आले असे म्हणता येईल. फरक एवढाच, की त्यांना कुणी नेमलेले नव्हते. २००७ साली मेश्राम गेले. आपल्या शहरांतल्या मराठी काव्यवाचनांत त्यांची 'उलगुलान'मधील कविता कितीदा वाचली गेली, हे कार्यवाहांनी जुन्या वृत्तांतांतून पाहावे.

बेटी हायमेनडॉर्फ १९८७ मध्ये वारल्या आणि त्यांना मारलवाईतच मूठमाती मिळाली. हायमेनडॉर्फ १९९५ मध्ये लंडनला वारले. त्यांच्या अस्थी २०१२ साली त्याच गावी त्यांच्या शेजारी ठेवल्या गेल्या. गुसाडी नृत्याचे पद्मश्री-प्राप्त गुरू कनक राजू हेही मारलवाईचेच. गोंडांनी या परक्याला आपला मानले, त्याचे सगळे दोष धरूनही. आमच्या आक्षेपांचे वजन त्या मान्यतेहून जास्त नाही.

एक व्यावहारिक सूचना उरते. हायमेनडॉर्फ यांच्याकडे एका बाजूची कागदपत्रे होती : सरकारी फायली आणि गोंडांच्या तोंडच्या हकिकती. दुसरी बाजू आपल्या घरांत आहे. आदिलाबाद, आसिफाबाद, किनवट, राजुरा या तालुक्यांत ज्यांचे पूर्वज पटवारी, वकील, पेशकार किंवा दुकानदार होते, अशा घरांच्या माळ्यावर मोडीतल्या वह्या, उधारीची खाती, जमाबंदीचे उतारे, खाजगी पत्रे असण्याचा संभव आहे. मोडी वाचणारे आपल्यात अजून काही जण आहेत. दहा वर्षांनी असतीलच असे नाही. त्या वह्यांत कुठल्या गोंडाच्या नावापुढे कोणती नोंद आहे, ती केव्हा बदलली आणि कुणाच्या हस्ताक्षरात, हे उतरवून घ्यायला हवे, मग त्यातून जे निघेल ते निघो. असे कागद ज्यांच्याकडे असतील त्यांनी ते रद्दीत घालण्यापूर्वी संस्थेच्या ग्रंथालयास कळवावे.